माळकरी सासूबाई आणि पबातली तुळस

गंगापूर रोडवरच्या एका पबच्या आत थाई रेस्टॉरंट आहे. नाव लिहीत नाही, कारण पहिल्या वेळचं गाऱ्हाणं आहे.

दीड वर्षापूर्वी शनिवारी रात्री आम्ही मैत्रिणी गेलो होतो. 'व्हेज' म्हणून ग्रीन करी मागवली, आणि अर्धा वाडगा संपल्यावर वेटर सहज बोलून गेला की पेस्टमध्ये कोळंबी असते. मला चालतं हो, पण सोबतची मैत्रीण जैन. ती उठून थेट पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली. डीजेच्या दणदणाटात मला धड भांडताही आलं नाही.

परत पाय ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. पण लेकीला वाढदिवसाला तिथेच जायचं होतं, तेही आजीला घेऊन. आमच्या सासूबाई माळकरी.

"अगं, पब म्हणजे गुत्ताच ना?"

"आई, दुपारी कुणी नसतं."

हे मात्र खरं निघालं. बुधवारी दीड वाजताचा पब म्हणजे लग्न उरकलेलं मंगल कार्यालय. खुर्च्या एकावर एक, फिनेलचा वास, कोपऱ्यात एकच दिवा. बारवरचे बिअरचे चकचकीत नळ बघून आई म्हणाल्या, "पाण्याची सोय छान केलीय." आम्ही काही बोललो नाही. दारूच्या दुकानात जेवण कसलं, हाही प्रश्न आलाच. लंडनमध्ये पबात थाई स्वयंपाकघर ही जुनीच गोष्ट आहे, केन्सिंग्टनचा चर्चिल आर्म्स तर त्यासाठीच प्रसिद्ध, असं लेकीने सांगितलं. "म्हणजे हे खूळ तिकडचं," आई म्हणाल्या आणि विषय संपला.

या वेळी मी आधी आचाऱ्यालाच बाहेर बोलावलं. मिझोरामचा पोरगा, विशी-बाविशीचा, घसा पार बसलेला. रात्री गाण्यांवरून ओरडून ऑर्डरी सांगाव्या लागतात म्हणे. विकतच्या पेस्टमध्ये बहुतेक वेळा कोळंबी असते, म्हणून आता व्हेजची पेस्ट तो स्वतः वाटतो. माशाचा सॉसही घालत नाही, त्याऐवजी सोया आणि मीठ. माझा विश्वास अर्धाच बसला. आईंनी सरळ सांगितलं, "बाळा, काय काय घालतोस ते आणून दाखव."

त्याने खरंच ताटली आणली. गवती चहाचे दांडे. कोथिंबिरीची मुळं, जी आपण फेकून देतो. लिंबाची पानं, एकाच देठावर खालीवर दोन जोडल्यासारखी. आणि आल्याचा चुलतभाऊ वाटावा असा, गुलाबी डोळ्यांचा, पांढरट कंद. मेनूत त्याला गलांगल म्हणतात. आईंनी त्याला नख लावलं, वास घेतला. "हे तर कुळिंजन! आमच्या गावचे बुवा कीर्तनाआधी गालात धरायचे." मी इतकी वर्षं ते परदेशी म्हणून कौतुकाने खात होते.

मग आतून ठक-ठक ऐकू आलं. मातीच्या उखळीत, लाकडी मुसळाने कच्च्या पपईचं सोम तम कुटत होता. गेल्या वेळी डीजेमुळे हे ऐकूच आलं नव्हतं. चिंच, ताडगूळ, लिंबू, मिरची, दाणे. आईंनी घास घेतला, थांबल्या. "कोशिंबीर आहे. नुसता दाण्याचा कूट करायचा राहिलाय."

पाड थाई गोडमिट्ट होतं, त्याबद्दल काही लिहीत नाही.

शेवटी आलं ते टोफूचं पाड क्रापाव. बरेच जण यात इटालियन बेसिल टाकून भागवतात. याच्यात मात्र खरी तुळस होती, कारण थायलंडची क्रापाव आणि आपल्या वृंदावनातली तुळस एकाच जातीची. आईंनी एक पान काढून बोटावर धरलं. दुसरा हात गळ्यातल्या माळेकडे गेला.

"तुळस शिजवतात होय?"

पोरगा घाबरून उभा. लेकीने हिंदीत समजावलं.

"त्याला विचार, द्वादशीला तोडत नाही ना."

तो म्हणाला, तोडत नाही, बाजारातून जुडी आणतो. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं असावं, कारण पान आधी तोंडात गेलं आणि मग भातासकट सगळं. टोफू तेवढा बाजूला राहिला. "पनीर बिघडलंय, सांग त्याला." भाताचे पैसे वेगळे लावले होते, त्यावर घरी येईपर्यंत बोलणं चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी औषधांच्या डब्यातून वाळलेल्या कुळिंजनाचे दोन तुकडे काढून कागदात बांधले आणि माझ्या पर्सवर ठेवले.

"त्या पोराला नेऊन दे. घसा फार बसलाय त्याचा."