सातमाशी लेकरू आणि खो-खो

आज सकाळी खो-खो चालू असताना चौथीतल्या एका पोराची आजी मैदानात येऊन उभी. "सर, ह्याला पळवू नगा. सातमाशी लेकरू हाय, लई दम लागतो त्याला." लेकरू मात्र रेघेवर बसून खो कधी मिळतोय म्हणून तळमळत होतं.

आजीचं भ्या खोटं नाही. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ म्हणजे अपुऱ्या दिवसांचं. त्यातही ३२ च्या आत आलेल्या लेकरांत पुढे फुप्फुसांची क्षमता जरा कमी राहणं, तोल सांभाळताना किंवा चेंडू झेलताना गडबडणं, हे जास्त दिसतं. सगळ्यांत नाही. पण घरचे धास्तीनं बसवून ठेवतात, सराव होत नाही, लेकरू आणखी मागं पडतं आणि मग खेळायलाच लाजतं. मला तर ही लाज दमापेक्षा वाईट वाटते.

५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं हलावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दम लागणं म्हणजे आजार नव्हे! घरघर, छातीत दुखणं, चक्कर असलं काही असेल तर मात्र आधी डॉक्टर. आजीला तेवढं विचारलं, तसलं काही नव्हतं.

"मग मी हितंच बसते लिंबाखाली," आजी म्हणाल्या. बसा म्हणलं. पोरगं पहिल्याच डावात बाद झालं, तर पंचाशी भांडायला आजीच पुढं!