कंपाउंड घालून राहिले? पहिले मोजणी, मग मिस्त्री

दिवाळी आटोपली की नागपुरात आमच्या मानेवाडा-बेसा साइडला कंपाउंडचा सीझन सुरू होतो. काळी माती वाळलेली असते, मिस्त्री मोकळे असतात, जो तो पाया खोदून राहिला. आणि दुसऱ्याच दिवशी बाजूवाले काकाजी दुपट्टा सावरत बाहेर येतात, "काहो, इतका इकडे कसा घेतला पाया?" मग काय, झालं सुरू. मागच्या हिवाळ्यात मी आमच्या प्लॉटला कंपाउंड घातलं, त्याच्या आधी वकील असलेल्या भाऊजींचं भरपूर डोकं खाल्लं, ऑफिसांच्या चकरा मारल्या, तर जे समजलं ते लिहून टाकतो. मी वकील नाही, तुमची केस अडकलेली असेल तर वकिलाकडेच जा.

भिंत विटांची की प्रीकास्ट की नुसती चेनलिंक जाळी, यावर लोक महिनाभर चर्चा करतात, पण भिंत नेमक्या कोणत्या रेषेवर उभी राहणार हे कोणीच विचारत नाही. मिस्त्री जुनी काटेरी तार बघतो, तिच्यावरच दोरी बांधतो आणि चुना टाकतो. ती तार कोणी लावली, कधी लावली, बरोबर लावली का, त्याला काय करायचंय. ३० बाय ५० च्या प्लॉटमध्ये लांबीकडून रेषा अर्धा फूट सरकली की २५ स्क्वेअर फूट गेले, तुमचे नाहीतर बाजूच्याचे.

म्हणून पहिले मोजणी. भूमी अभिलेखच्या ऑफिसात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, ऑनलाइन ई-मोजणीवर होतो. आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार आहेत, आधीसारखं साधी-तातडी-अतितातडी नाही. बाजूच्या सगळ्या धारकांना नोटीस जाते, भूकरमापक मशीन घेऊन येतो, खुणा दाखवतो, नंतर 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, मिळते. ती 'क' प्रत जपून ठेवा, उद्या कोर्टात तीच बोलते, प्रायव्हेट सर्व्हेअरचा कागद स्वतःच्या समाधानापुरता ठीक आहे. मोजणी पटली नाही तर बाजूचा (किंवा तुम्ही) निमताना मोजणी मागू शकतो, म्हणजे वरचा अधिकारी परत तपासतो.

मी तर नोटीस जायच्या आधीच बाजूच्या काकाजींकडे चहाला जाऊन बसलो. म्हटलं, "काकाजी, तुमच्यात एक इंच यायचं नाही मला, पण मोजणीच्या दिवशी तुम्ही घरीच राहा, स्वतःच्या डोळ्याने पाहा." अर्धं टेन्शन तिथंच उतरलं. नोटीस अचानक हातात पडली की माणूस बिथरतो हो.

आता नागपूरची खास भानगड. आपल्याकडे प्लॉट कोणत्या जातीचा आहे त्यावर सगळं ठरतं. जुन्या वस्तीत आखीव पत्रिका असते, बाकी महाराष्ट्र तिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. नझूलची म्हणजे शहरातली सरकारी जमीन असेल किंवा नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) लीजचा प्लॉट असेल तर लीजच्या अटी आधी वाचा. आणि आमच्यासारखे गुंठेवारीवाले, म्हणजे आधी मंजुरीविना पडलेल्या आणि नंतर नियमित केलेल्या ५७२ आणि १९०० ले-आउटमधले, त्यांनी सेल डीड बाजूला ठेवून आरएल लेटर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आणि त्याच्यासोबतचा नकाशा काढावा, कारण सेल डीडमध्ये १५०० स्क्वेअर फूट लिहिलेलं असतं आणि आरएलमध्ये कधीकधी समोरचा तुकडा रस्त्यात गेलेला असतो. तुम्ही सेल डीडच्या मापाने भिंत उभी केली की ती सरळ डीपी रोडवर (विकास आराखड्यातल्या रस्त्यावर), मग पाडायला मशीन आलं की कोणाला बोलणार. कित्येक ठिकाणी तर सातबारा अजून आख्ख्या खसऱ्याचा (सर्व्हे नंबरचा) एकच आहे, प्लॉटवार फोड झालेलीच नाही, तिथे मंजूर ले-आउटच्या नकाशावरून डिमार्केशन (हद्द आखून) घ्यावं लागतं. मोकळी जागा, पब्लिक युटिलिटीची जागा, मागची सर्व्हिस लेन यात तर एक पोलसुद्धा गाडू नका, "सगळेच घेऊन राहिले" हे कारण नोटिशीला उत्तर म्हणून चालत नाही. अनधिकृत बांधकामाची नोटीस सहसा एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६ च्या कलम ५३ ची येते.

उंचीचं पण ऐका. २०२० पासून राज्यात युनिफाइड डीसीआर (बांधकामाची एकत्रित नियमावली) आहे, त्यात रस्त्याकडच्या कंपाउंडची उंची रस्त्याच्या मध्यापासून जास्तीत जास्त दीड मीटर, म्हणजे साधारण पाच फूट. २.४ मीटरपर्यंत परवानगीने जाता येतं, पण वरचे ०.९ मीटर जाळीचे किंवा ग्रिलचे, आरपार दिसणारे पाहिजेत. कॉर्नरचा प्लॉट असेल तर कोपऱ्यापासून १० मीटरपर्यंत पक्की भिंत फक्त ०.७५ मीटर, वर रेलिंग, कारण वळणावर गाडीवाल्याला समोरचं दिसलं पाहिजे. हा नियम मला सगळ्यात पटतो आणि आमच्या एरियात सगळ्यात कमी पाळला जातो. घर नवीन बांधत असाल तर मंजुरीच्या नकाशातच आर्किटेक्टला कंपाउंड दाखवायला सांगा. मनपा, नासुप्र की एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), तुमचा नकाशा कोण मंजूर करतं हे त्याला माहीत असतं.

पाया ही गोष्ट तर कोणी बोलतच नाही. भिंत नऊ इंची असते पण खाली काळी माती असल्यामुळे पाया दोन-अडीच फूट रुंद घेतात, आणि वरून रेषेत दिसणारी भिंत जमिनीखाली शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये घुसलेली असते! एक तर भिंत थोडी आत घ्या, नाहीतर इंजिनिअरला एका बाजूचा पाया डिझाइन करायला लावा, आणि सामाईक भिंत अर्ध्या-अर्ध्या खर्चात करायची असेल तर लिहून घ्या, कोणाची किती जागा, दुरुस्ती कोणाकडे, पुढे एकाने विकलं तर काय. स्टॅम्प ५०० चा लागेल, १०० वाला ऑक्टोबर २०२४ पासून बंद झाला. भिंतीच्या माथ्यावरच्या कोपिंगचा उतार आपल्याकडे ठेवा, पाणी त्यांच्या अंगणात पडायला नको.

पाण्यावरून आठवलं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा शहराने पाहिलंच की पाण्याची वाट अडली की काय होतं. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीवर जाऊ द्यायचं, हे ईजमेंट ॲक्टच्या (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वहिवाटीच्या हक्कांच्या कायद्याच्या) कलम ७ मध्येच उदाहरण म्हणून दिलंय. म्हणजे तुमचा प्लॉट खाली असेल तर भिंतीने पाणी थोपवून वरच्याच्या घरात तुंबवता येत नाही, भिंतीत होल ठेवा. गंमत म्हणजे हा कायदा १८८२ चा आणि मध्य प्रांतात म्हणजे आपल्या नागपुरात तो पहिल्यापासून लागू, मुंबईकडे १८९१ मध्ये गेला. त्याच कायद्यात रस्ता, उजेड, हवा यांचा २० वर्षांचा वहिवाटीचा हक्क आहे. मागच्या घरचे लोक तुमच्या प्लॉटच्या कडेने हक्क म्हणून वर्षानुवर्षं, न अडता येत-जात असतील तर एका रात्रीत तिथे भिंत घालून मोकळं होता येत नाही.

आणि उलटं पण. बाजूच्याने तुमच्यात भिंत घातली असेल आणि तुम्ही "जाऊ द्या, आपलेच आहेत" म्हणून गप्प बसले, तर १२ वर्षांनंतर तो विरुद्ध कब्जा सांगू शकतो. नुसते १२ वर्ष बसून मिळत नाही, उघड आणि मालकाच्या विरोधात कब्जा सिद्ध करावा लागतो, पण कशाला ती वेळ आणता, आजच एक लेखी नोटीस पाठवा. रात्रीतून जाऊन त्याची भिंत पाडू नका, मग पोलिसात तुमच्यावरच केस. दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम मागा, गरज पडली तर कोर्ट भूमी अभिलेखवाल्यालाच कमिशनर नेमून मोजणी करून घेतं. तुम्ही भिंत घालणार आणि बाजूचा स्टे आणेल अशी भीती असेल तर आधी कॅव्हेट टाका, ९० दिवस चालतो, म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय कोर्ट स्टे देणार नाही. भाऊजींची सगळ्यात कामाची टीप हीच होती.

रेषेत झाड येत असेल तर तोडायला मनपाच्या उद्यान विभागाची परवानगी, कडुनिंब स्वतःच्या प्लॉटमधला असला तरी. १९७५ चा वृक्ष कायदा आहे. आम्ही भिंतच थोडी वाकवून घेतली, मिस्त्री कुरकुरला.

शेवटचं बेसा-हिंगणा-उमरेड रोडकडच्या फार्महाउसवाल्यांसाठी. तारेत घरच्या लाइनचा करंट सोडू नका, बाप्पा! माणूस मेला तर जेल, जनावर मेलं तर वन विभाग वेगळा, आणि डुकरासाठी म्हणून सोडलेला करंट कोण शिवेल हे काय सांगता येतं. सोलर झटका मशीन मिळते, तीच लावा, आणि बोर्ड मराठी-हिंदी दोन्हीत लावा, रस्त्यावरून दिसेल असा.