गुरुजींच्या घरचा संगणक

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. जुलै २०२४ मध्ये, पीक विम्याचे अर्ज भरण्याची धांदल ऐन भरात असताना, मला शाळेत गणित शिकवलेल्या गुरुजींचा सकाळीच फोन आला. "बापू, हातातलं काम ठेव अन् ये. सूनबाईच्या कम्प्युटरमधून कोणीतरी पैसे मागून राह्यला," एवढेच ते बोलले. त्यांचा आवाज इतका घाबरलेला मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. दुकान मदतनिसाच्या स्वाधीन करून मी पावसातच मोटारसायकल काढली.

गुरुजींच्या सूनबाई गावातील नऊ महिला बचत गटांचे हिशेब सांभाळतात. कोणाची बचत किती, बियाण्यासाठी कोणी किती उचल घेतली, कोणाचा हप्ता थकला, हे सारे चार वर्षांपासून त्यांच्या घरच्या संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर आहे. सोबत सदस्यांच्या आधार कार्डांच्या व पासबुकांच्या प्रतीही आहेत. त्या आठवड्यात दोन गटांचे कर्जप्रस्ताव बँकेत द्यायचे होते, म्हणून छपाईसाठी पेन ड्राइव्ह तालुक्याच्या एका झेरॉक्स सेंटरवर गेला होता. परत आणून घरी जोडला तेव्हा प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट दिसू लागला, आणि उघडू जावे तर काहीच उघडेना.

हा व्हायरस आहे हे ताईंनी अचूक ओळखले होते. त्यांनी इंटरनेटवर मोफत अँटीव्हायरस शोधला आणि सर्वांत वर आलेल्या जाहिरातींच्या दुव्यांवरून एक, त्याने काम होईना म्हणून दुसरा, असे दोन बसवले. संगणक इतका मंदावला की साधी फाइल उघडायलाही काही मिनिटे लागू लागली. तिसरा शोधताना मात्र सगळा पडदा लाल झाला, भोंग्यासारखा आवाज सुरू झाला आणि संगणकात शेकडो व्हायरस असल्याचे सांगून एक फोन नंबर झळकू लागला. त्यांनी त्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत अतिशय अदबीने बोलत होता. त्याने दुरून संगणक हाताळण्याचे एक सॉफ्टवेअर उतरवायला लावले आणि पडद्यावर आलेला आकडी संकेतांक वाचून दाखवायला सांगितला. ताई आकडे वाचू लागणार तेवढ्यात लाइन गेली. संगणकाला यूपीएस नव्हता, त्यामुळे पडदा तत्क्षणी काळा झाला. पावसाळ्यात आमच्याकडे लाइन जाण्याला सगळेच कंटाळलेले असतात, पण त्या सकाळी त्या एका खंडामुळे नऊ गटांची कागदपत्रे परक्याच्या हाती पडण्यापासून वाचली, हे मी मनापासून मानतो.

मी पोहोचलो तेव्हाही त्या माणसाचे फोन येतच होते. "काहून घेतला असल मी तो फोन, भाऊ?" ताई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. पैसे गेलेले नव्हते. गेले असते तर एक मिनिटही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवणे भाग होते, हे मी त्यांना सांगितले आणि तो नंबर ब्लॉक केला.

दुपारी वीज आल्यावर इंटरनेटचे डोंगल काढूनच मी संगणक सुरू केला. लाल पडदा म्हणजे ब्राउझरने उघडलेले एक साधे पान होते. एखादे वेबपान तुमच्या हार्ड डिस्कमधील फायली तपासून व्हायरस मोजू शकत नाही, त्यामुळे त्यावरचे आकडे निव्वळ चित्रासारखे असतात. उजव्या कोपऱ्यात अधूनमधून येणाऱ्या धोक्याच्या सूचनांचे मूळही ब्राउझरमध्येच होते. कोणत्या तरी संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी नकळत दिली गेली होती. ती परवानगी काढली, दुरून हाताळणीचे सॉफ्टवेअर काढले आणि मग खऱ्या दोन अँटीव्हायरसकडे वळलो.

दोन्ही सॉफ्टवेअर खरी होती. परंतु उघडल्या जाणाऱ्या प्रत्येक फाइलला दोघेही अडवून तपासत होते, आणि चार जीबी मेमरीच्या, जुन्या हार्ड डिस्कच्या यंत्राला तो भार पेलणारा नव्हता. शिवाय बाहेरचा अँटीव्हायरस बसला की विंडोजमध्ये मुळातच असलेला डिफेंडर हा अँटीव्हायरस बाजूला सरतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो प्रत्येक विंडोजमध्ये आहे, हे आमच्या भागात फार थोड्यांना ठाऊक असते. अँटीव्हायरस म्हणजे बाहेरून आणून टाकण्याचीच वस्तू, असा समज पक्का बसलेला आहे.

"मग यातला कोणता ठेवू, भाऊ?" ताईंनी विचारले. हा प्रश्न माझ्या दुकानात नेहमीच येतो, आणि लोकांना एका शब्दात उत्तर हवे असते. मी मात्र त्यांच्या संगणकात काय आहे याचा आधी विचार केला. जर्मनीतील एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा संरक्षण, वेग आणि वापरातील सोय या प्रत्येकासाठी ६ पैकी गुण देते. अलीकडच्या वर्षांत डिफेंडर तेथे पैसे देऊन घ्यायच्या नामांकित अँटीव्हायरसच्या बरोबरीने उभा राहिला आहे. पूर्वी मी स्वतः गिऱ्हाइकांच्या यंत्रांवर बाहेरचे मोफत अँटीव्हायरस बसवत असे, कारण विंडोज एक्सपी आणि ७ च्या काळात त्याची गरज होती. ते चांगले पकडतात, हे आजही खरे आहे. परंतु त्यांतील बहुतेकांचा मोफत परवाना केवळ घरगुती वापरापुरता असतो, आणि नऊ गटांच्या हिशेबाचे काम घरगुती म्हणावे की नाही याची मला खात्री वाटेना. दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने अधिक गंभीर होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने मोफत अँटीव्हायरस देणाऱ्या अव्हास्ट कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला सांगितले, कारण लोकांच्या ब्राउझिंगची माहिती तिच्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली गेली होती. ती उपकंपनी २०२० मध्येच बंद झाली. तरीही ज्या संगणकात गावातल्या बायांची आधार कार्डे आहेत, तेथे आणखी एका कंपनीला विनाकारण आत घ्यावे असे मला वाटत नव्हते. मी दोन्ही काढून टाकले आणि डिफेंडर सुरू केला.

त्याच्या व्हायरस ओळखण्याच्या याद्या अद्ययावत करणारी शंभराहून अधिक एमबीची फाइल मी दुकानातून सोबत आणली होती. गावात मोबाइलचे नेटवर्क एकदोन काड्यांवरच असते, म्हणून ती मी नेहमी लेखनबंदीची खिट्टी असलेल्या, म्हणजे खिट्टी सरकवली की व्हायरसला काहीच लिहिता येत नाही अशा पेन ड्राइव्हवर जवळ बाळगतो. त्यानंतर ऑफलाइन तपासणी लावली. यात विंडोज पूर्ण उघडण्यापूर्वीच डिस्क तपासली जात असल्यामुळे लपून बसलेल्या व्हायरसला स्वतःला वाचवता येत नाही. पंधराएक मिनिटांत शॉर्टकट तयार करणारी फाइल सापडली आणि पुसली गेली.

"पण हा जागा हाये की झोपला हाये, हे आमाले कसं समजावं?" गुरुजींनी विचारले. गणिताचा माणूस ताळा केल्याशिवाय उत्तर मान्य करत नाही. माझ्या पाकिटात एक चिठ्ठी असते. अँटीव्हायरस जागा आहे का हे पाहण्यासाठी आयकार या संस्थेने ठरवून दिलेली ६८ चिन्हांची ओळ तिच्यावर लिहिलेली आहे. ती पूर्णपणे निरुपद्रवी असते, पण सर्व प्रमुख अँटीव्हायरस तिला व्हायरस म्हणूनच पकडतात. ताईंनी एकेक चिन्ह चिठ्ठीशी ताडून नोटपॅडमध्ये टाइप केले, फाइल साठवली, आणि क्षणभरात डिफेंडरची सूचना येऊन फाइल उचलली गेली. गुरुजींनी त्यांना तेच पुन्हा एकदा करायला लावले. दुसऱ्यांदाही सूचना आली तेव्हा त्यांनी समाधानाने मान हलवली.

पेन ड्राइव्हवर मूळ फोल्डर होतेच. व्हायरसने त्यांना एका बिननावाच्या फोल्डरमध्ये सरकवून लपवले होते. लपवण्याची खूण एका आदेशाने काढल्यावर चार वर्षांचे हिशेब जसेच्या तसे समोर आले. ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्या दोन गटांच्या फायली उघडून शेवटची बेरीज आपल्या वहीशी पडताळली आणि मगच खुर्चीवरून उठल्या.

संध्याकाळी परतताना मी त्या झेरॉक्स सेंटरवर थांबलो. तेथील संगणकावर डिफेंडर जाणीवपूर्वक बंद केलेला होता, कारण परवाना न घेता फुकटात विंडोज चालू करून देणाऱ्या एका सॉफ्टवेअरला तो सारखा पकडत असे. मालक माझ्या ओळखीचे आहेत. सूनबाईंची हकिगत ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. टेबलावर गिऱ्हाइकांचे सहा पेन ड्राइव्ह पडले होते, आणि बहुतेकांवर पीक विम्याची कागदपत्रे होती. आम्ही ते सॉफ्टवेअर काढले, डिफेंडर सुरू केला आणि सहाही पेन ड्राइव्ह एकेक करून तपासायला घेतले. चारांमध्ये तोच शॉर्टकट व्हायरस निघाला. त्या चौघांना मालकांनी माझ्यासमोरच फोन लावले.