कव्हरवरचं नाव

"मागे नाव लिहिलंय, म्हणून किंमत कमी." लंडनमध्ये सोहोतल्या एका दुकानदाराचं हे वाक्य काल दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

रेकॉर्ड होती प्रिटी थिंग्ज या ब्रिटिश रॉक बँडची 'एस. एफ. सॉरो'. डिसेंबर १९६८, मूळ मोनो (स्टिरिओ नव्हे, एकाच ध्वनिवाहिनीची) प्रत. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रण, निर्माता नॉर्मन स्मिथ, म्हणजे बीटल्सच्या सुरुवातीच्या अल्बमांचा ध्वनिमुद्रक. कव्हरवरचं चित्र गायक फिल मेनंच काढलेलं. जन्मापासून म्हातारपणापर्यंत एका माणसाची सलग गोष्ट, तीही 'द हू' या बँडच्या 'टॉमी' या गाजलेल्या रॉक ऑपेराच्या काही महिने आधी! पण तेव्हा फारशी खपली नाही. म्हणूनच आज मूळ प्रती इतक्या दुर्मीळ.

आणि मागे, कोपऱ्यात, निळ्या बॉलपेनानं एका मुलीचं नाव. वळणदार अक्षर, खाली १९६९.

पार्टीला रेकॉर्ड नेली तर परत आपल्याच घरी यावी म्हणून तेव्हा नाव घालत. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर घालतात तसंच. म्हणजे ही रेकॉर्ड घराबाहेर पडली, चारचौघांत वाजली. कुणी विचारत नव्हतं तेव्हा या मुलीनं पैसे मोजून ती घेतली. असे बँड टिकले ते अशा मोजक्या श्रोत्यांमुळेच.

मला ती खूण हवी होती. नाव नसतं तर कदाचित घेतलीही नसती.

तुम्ही जुनी रेकॉर्ड घेताना कोरी शोधता, की वाजलेली?