एक स्टार, पाच स्टार, माणूस एकच

मी जळगावात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारा. लोक डॉक्टर म्हणतात, मी नाही म्हणतो, ते पुन्हा डॉक्टरच म्हणतात. चष्मा घालवायचा विचार असलेली मंडळी नाशिक, पुणे, सुरत, इंदूर गाठण्याआधी माझ्याकडे डोकावतात. लेसरवाल्यांची गर्दी दोनदा होते: लग्नसराईच्या आधी आणि भरतीची जाहिरात निघाली की. भुसावळकडची पोरं रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटचा फॉर्म भरतात आणि विचारतात, लेसर कुठे करू? त्या पदाला लेसर केलेला डोळा चालतच नाही, पण जाहिरात शेवटपर्यंत वाचतो कोण!

त्या दिवशी अमळनेरकडचे बापलेक आले. मुलगी बँकेत, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच, दिवसभर कॉन्टॅक्ट लेन्स. हातात वही. वहीत तक्ता आखलेला: सर्जन, शहर, खर्च, नेटवर किती स्टार, लोकांच्या तक्रारी. निनावी अनुभव तिने बाजूला काढले होते आणि ऑपरेशननंतर महिन्याच्या आत लिहिलेल्यांपुढे पेन्सिलीने फुली मारली होती. मी मनात म्हटलं, ही आपल्यापेक्षा हुशार आहे.

वडील खुर्चीच्या टोकावर बसले होते. "आमले काय समजस? भाऊ, तुम्हीच सांगा, कोनता डॉक्टर चांगला शे?"

आधी डोळे तपासले. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची ती पारदर्शक काच, मधोमध जाडी ५१२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सरासरी ५४० च्या आसपास असते, तेव्हा थोडी पातळ, पण वाईट नाही. वहीच्या मागच्या पानावर तिला हिशोब करून दाखवला. लेसर जेवढ्या गोलात चालणार त्याचा व्यास ६.५ मिलिमीटर धरू. त्याचा वर्ग ४२.२५, गुणिले नंबर साडेपाच, भागिले ३. सुमारे ७७ मायक्रॉन काढावे लागणार. लॅसिक लेसरमध्ये आधी कापून उचलतात तो वरचा पातळ पदर, म्हणजे फ्लॅप, धरा ११०. उरले ३२५. खाली २५० तरी राहायलाच हवेत, सावध सर्जन ३०० धरतात. "हे गणित प्रत्येक सर्जनकडून स्वतःच्या आकड्यांवर करून घ्या," म्हटलं. हे सूत्र मला फार आवडतं. गिऱ्हाइकाच्या हातात देता येईल असं आमच्या धंद्यात दुसरं काही नाही.

अश्रू मात्र कच्चे निघाले. डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या दिव्यात पाहिलं तर अश्रूंचा थर सहाव्या सेकंदालाच फाटत होता. दहा तरी हवेत. दिवसभर एसी, वर लेन्स, बाहेर पंचेचाळीस डिग्री. लॅसिकच्या फ्लॅपमध्ये कॉर्नियाच्या नसा कापल्या जातात, कोरडेपणा काही महिने वाढतोच. वहीतल्या निम्म्या तक्रारी याच होत्या आणि लोकांनी त्या सर्जनच्या नावावर लिहिल्या होत्या.

मग तिने एक पान उघडून दाखवलं. एक नाव आडव्या रेघेने खोडलेलं. "हे बाद, सर." कारण एकच अनुभव, एक स्टारचा: दोन मिनिटांत हाकललं, काही समजावलं नाही, तपासणीचे पैसे मात्र घेतले, उद्धट माणूस. पुढच्या पानावर दुसऱ्या शहरातला दुसरा सर्जन, खाली दुहेरी अधोरेखित पाच स्टार: सकाळी गेलो, संध्याकाळी चष्म्याशिवाय घरी, स्टाफ घरच्यासारखा. "आणि बघा ना, हे दोन्ही एकाच माणसाने लिहिलंय. म्हणजे तुलना करून लिहिलंय. असा अनुभव सगळ्यात भरवशाचा."

लिहिणाऱ्याचं नाव तिने शेजारी टिपलं होतं. ते वाचून मी पेन खाली ठेवलं. तो माझा पेशंट आहे.

त्याच्याबद्दल ओळख पटेल असं काही लिहीत नाही. ऑपरेशननंतर दोनेक वर्षांनी आला होता, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याला शेपट्या दिसतात म्हणून. रेटिनोस्कोप लावला तर डोळ्यातला उजेड कात्रीसारखा उघडत-मिटत होता. हे दिसलं की पुढचं सांगावं लागत नाही. कॉर्निया खालच्या बाजूला ढिला पडून पुढे येत होता, एक्टेझिया म्हणतात त्याला. नंतर क्रॉसलिंकिंग झालं: रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण, म्हणजे आहे तिथे थांबावं म्हणून. गेलेला आकार त्याने परत येत नाही. आता तो माझ्याकडून कडक लेन्स घेतो.

त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत पहिल्या सर्जनचा, त्या 'उद्धट' माणसाचा, कॉर्नियाचा जुना नकाशाही होता. कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागावर खाली लालसर ठिपका, त्याभोवती पेनाने गोल आणि कोपऱ्यात खरडलेलं: केरॅटोकोनसचा (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराचा) संशय, लेसर नको. लहानपणापासून उन्हाळ्यात डोळे खाजायचे आणि हा मुठीने चोळायचा, हेही त्यावर लिहिलेलं. म्हणजे नकार बरोबर होता. पण समजावून सांगायला दोन मिनिटं पुरत नाहीत हेही तितकंच खरं. त्याच्या एका स्टारमधला शब्दही खोटा नाही. दहा मिनिटं देऊन त्याला तो लाल ठिपका दाखवला असता तर तो दुसरीकडे गेला नसता, असं मला आजही वाटतं. आमच्यातले कितीतरी उत्तम हात असलेले डॉक्टर तोंड उघडायला पैसे पडतात असे वागतात. आणि ज्यांची तोंडं गोड असतात, त्यांच्याकडे काउन्सेलर, ऑफर आणि 'आजच्या आज' असतं.

हे सगळं मला माहीत होतं आणि यातलं काहीच तिला सांगता येत नव्हतं. एका पेशंटची फाइल दुसऱ्यापुढे उघडायची नाही, नाव न घेता सांगितलं तरी तिच्या वहीत नाव होतंच. मी एवढंच म्हणालो, "ताई, ज्याला खोडलंत त्याच्याकडे आधी जा."

तिने चष्मा वर सारून माझ्याकडे पाहिलं. "तुमची त्यांच्याशी ओळख आहे का, सर?"

तिला काय म्हणायचं होतं ते कळलं. रेफरलचं पाकीट आमच्या धंद्यात चालतं, मी घेत नाही, पण ते काही दारावर लिहून लावता येत नाही. मी नाही म्हटलं. तेही पाकीट घेणारा म्हणेल तसंच ऐकू आलं असणार.

मग वेगळ्या वाटेने गेलो. विचारलं, या वहीत किती जणांना सर्जनने नाही म्हटलंय? तिने पानं चाळली. तोच एक. नकार मिळालेला माणूस एकतर लिहीत नाही, नाहीतर चिडून लिहितो. आणि ऑपरेशन झालेला पहिल्या आठवड्यात लिहितो, जेव्हा भिंतीवरचं घड्याळ चष्म्याशिवाय दिसल्याचं अप्रूप असतं. अमेरिकेत एफडीए या सरकारी औषध नियामक संस्थेच्या पुढाकाराने लॅसिकवर प्राउल (PROWL) नावाचे अभ्यास झाले, २०१७ साली प्रसिद्ध झाले. बहुतेक लोक समाधानी होते. तरी आधी काही त्रास नसलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणांना तीन महिन्यांनी वलयं, चकाकी असं काहीतरी नवीन दिसत होतं. हा त्रास प्रश्नावलीत सांगण्याचं प्रमाण डॉक्टरांना तोंडी सांगण्याच्या दुपटीहून जास्त. हे ऐकल्यावर मात्र तिने पेन उचलून लिहून घेतलं. आकडा असला की तिला पटतं.

रात्री मी ते दोन्ही अनुभव लिहिणाऱ्या माझ्या पेशंटला फोन केला. लेन्सच्या सोल्यूशनचं निमित्त होतंच. तिचा विषय न काढता विचारलं, ते जुनं लिहिलेलं बदलशील का? तो जरा वेळ गप्प, मग म्हणाला, "साहेब, सासरी सांगितलंय नंबर गेला म्हणून. लेन्स आहे हे बायकोशिवाय कोणाला माहीत नाही. आता काय लिहू?" पुढे म्हणाला, "आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांनी माझी सही घेतलीय, त्यांचं काय चुकलं?" यावर मला बरंच बोलायचं होतं. बोललो नाही, त्याचं उत्तर त्याच्यापुरतं पक्कं होतं.

बापलेक पुन्हा आले तेव्हा लेन्स बंद होत्या, थेंब सुरू होते, अश्रू आठ सेकंदांपर्यंत आले होते. तिने दोन अपॉइंटमेंट घेतल्या आहेत. खोडलेलं नाव अजून खोडलेलंच आहे, पण मागच्या पानावरच्या हिशोबाखाली तिने स्वतःहून लिहिलंय: मागच्या पृष्ठभागाचा नकाशा मागून घेणे, त्याच दिवशी ऑपरेशन नाही.

वडिलांनी माझ्याकडे बघत विचारलं, "मंग चष्माच राहू दिधा तं काय बिघडस?"

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा."