विंडोज १० नंतर : अकरा, लिनक्स की आणखी एक वर्ष?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही आणि त्या कारणाने पडणारही नाही. सिस्टीममध्ये नव्याने सापडणारी भोके बुजवली जाणार नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. एज ब्राउझर आणि डिफेंडरच्या व्हायरस-व्याख्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहतील असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. पण ब्राउझर ताजा आणि त्याखालची सिस्टीम शिळी, अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार किंवा डिजिटल सही करायची माझी तयारी नव्हती.

माझ्यापुढे दोन यंत्रे होती. एक डेस्कटॉप: चौथ्या पिढीचा कोअर आय-५, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, त्यावर मराठी मजकूर, पत्रव्यवहार, छपाई. दुसरा आठव्या पिढीचा लॅपटॉप; त्यावर टॅली आणि डिजिटल सहीचे टोकन. दोन्हींचे उत्तर एकच निघेल ही अपेक्षा सुरुवातीलाच सोडली.

आधी प्रोसेसर नव्हे, कामांची यादी तपासली. प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न: हे विंडोजशिवाय होते का? टॅली विंडोजसाठीच बनते, तिथे विषय संपला. डिजिटल सहीच्या टोकनांचे लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) ड्रायव्हर मिळतात, पण सरकारी संकेतस्थळ, सही करणारे सॉफ्टवेअर आणि ब्राउझर या तिघांचे एकमेकांशी जमावे लागते, आणि विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला ते जमवत बसणे परवडत नाही. म्हणून लॅपटॉप विंडोजवरच राहणार हे ठरले. डेस्कटॉपवरच्या कामांना तशी सक्ती नव्हती, फक्त जुने फॉन्ट आणि प्रिंटर या दोन शंका होत्या.

विंडोज ११ साठी ६४-बिटचा मान्य यादीतला प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (सुरू होताना सिस्टीम खरी आहे का ते तपासणारी सोय) चालवू शकणारे यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागते. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे, एएमडीत बहुतेक रायझन २००० पासून पुढचे प्रोसेसर यादीत आहेत. लॅपटॉप आठव्या पिढीचा असूनही तपासणीत ‘अपात्र’ आला, आणि अनेकजण इथेच नवा घ्यायला निघतात. टीपीएम यंत्रात असते, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या सेटिंग्जमध्ये) बंद ठेवलेले असते. इंटेलवर त्याचे नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. ते चालू केले की अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे जास्त नाजूक आहे. जुनी विंडोज पुष्कळदा लेगसी पद्धतीने, म्हणजे एमबीआर या जुन्या विभागणीच्या डिस्कवर टाकलेली असते; यूईएफआयला जीपीटी ही नवी विभागणी लागते. बायोसमध्ये थेट यूईएफआय निवडले तर पुढच्या वेळी ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ एवढेच दिसते. क्रम उलटा हवा: आधी विंडोजमध्ये असतानाच एमबीआर-टू-जीपीटी हे विंडोजसोबत येणारे साधन व्हॅलिडेट पर्यायाने चालवायचे, ते ‘ठीक’ म्हणाले की कन्व्हर्ट, आणि मगच बायोसमध्ये यूईएफआय व सिक्युअर बूट. आपल्याकडे दुकानदार एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ करून देतात, आणि हे साधन नेमके तिथे अडते. त्याला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात, लॉजिकल पार्टिशन चालतच नाहीत. मग डी-ई मधला मजकूर बाहेरच्या डिस्कवर हलवायचा आणि ती पार्टिशन काढून टाकायची. नाहीतरी या कामाआधी बॅकअप घ्यायचाच असतो, तो असा सक्तीने घेतला जातो.

बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का तेही पाहावे. असेल तर ते तात्पुरते थांबवायचे, ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवायची. टीपीएम किंवा सिक्युअर बूटमध्ये बदल झाला की पुढच्या बूटला ती की मागितली जाते, आणि की नसेल तर डिस्क आपली असूनही आपल्याला उघडत नाही. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते; ते खाते ऑफिसातून नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या ई-मेलवर काढलेले असेल तर आधी ते मार्गी लावावे.

सी ड्राइव्हवर निदान ३० जीबी मोकळी करून अपग्रेड केले. त्यानंतर मागे फिरायला १० दिवस मिळतात, कारण जुनी सिस्टीम विंडोज-ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये तेवढेच दिवस राहते. डीआयएसएम या आज्ञेने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती आधीची मुदत उलटण्यापूर्वी. जीएसटीचे किमान एक विवरणपत्र, टॅलीचा बॅकअप-रिस्टोर आणि टोकनवरची एक सही या काळात करून पाहणे हीच खरी चाचणी.

डेस्कटॉप मात्र यादीत बसत नव्हता. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) बदल करून किंवा रुफस या साधनाने बनवलेल्या पेनड्राइव्हवरून अपात्र यंत्रावरही अकरा टाकता येते, आणि चौथ्या पिढीवर ते चालते. (अकराच्या २४एच२ आवृत्तीपासून एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना नसलेले प्रोसेसर, म्हणजे कोअर टू ड्युओच्या काळातली यंत्रे, बूटच होत नाहीत.) तरी मी तो रस्ता घेतला नाही. अशा यंत्राला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि वर्षाची मोठी आवृत्ती आपणहून येत नाही. दरवेळी आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) उतरवून तीच कसरत. सुरक्षेसाठी बदल करायचा आणि सुरक्षेचीच हमी सोडायची, यात मला अर्थ दिसत नाही.

तिसरा पर्याय ईएसयू, म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेट. घरगुती वापरासाठी ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. यंत्र विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीवर हवे आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन हवे. सेटिंग्जचा बॅकअप खात्याशी जोडला तर पैसे पडत नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. एका खात्यावर १० यंत्रे बसतात. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची कडी दिसते. हा पर्याय मी वेळ विकत घेण्यासाठी वापरला: जुन्या फॉन्टच्या फायली निस्तरेपर्यंत डेस्कटॉपची विंडोज सुरक्षित राहावी म्हणून.

मराठीत काम करणाऱ्याचा खरा गुंता या फायलींचा असतो. श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख, शिवाजी, कृतिदेव या फॉन्टमधल्या फायलीत मुळात इंग्रजी अक्षरांचे संकेत साठवलेले असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी वळण देतो. फॉन्टची फाइल लिनक्सवर आणली तर मजकूर दिसतो, पण टंकन करणारे सॉफ्टवेअर विंडोजचेच असल्याने दुरुस्ती करता येत नाही. त्यामुळे विंडोज असतानाच फायलींचे दोन ढीग केले. ज्यात पुन्हा बदल होणार नाही त्यांची फॉन्टसकट पीडीएफ. ज्या लागणार त्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर; म्हणून जोडाक्षरांवर वेलांटी घसरते. रफारही तसाच जागा सोडतो. ‘स्थिती’, ‘निर्मिती’, ‘दुसऱ्या’, ‘ज्ञानेश्वर’ एवढे शब्द शोधून पाहिले की कन्व्हर्टर किती भरवशाचा ते लगेच कळते.

मग डेस्कटॉपसाठी लिनक्स मिंट २२. ही आवृत्ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली असून तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. आयएसओ ३ जीबीच्या आसपास, पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. ‘इन्स्टॉल’ला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालवून वाय-फाय, आवाज, स्लीपमधून उठणे, प्रिंटर आणि मराठी टंकन तपासले. ब्रॉडकॉमचे वाय-फाय कार्ड सुरुवातीला दिसत नसेल तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करायचे आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्यायचा.

इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची विभागणी केली नाही. २५६ जीबीची साटा एसएसडी (न फिरणारी, जलद डिस्क) घेतली, डीव्हीडी ड्राइव्हची केबल काढून तिला लावली, आणि इन्स्टॉलेशन पूर्ण होईपर्यंत जुन्या हार्ड डिस्कची केबल बाहेर ठेवली. दोन डिस्क जोडलेल्या असल्या की इन्स्टॉलर बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) भलत्या डिस्कवर टाकू शकतो, आणि मग ती डिस्क काढली की दुसरीही उठत नाही. केबलच नसेल तर प्रश्नच येत नाही. विंडोज जशीच्या तशी राहते, हवी तेव्हा बूट मेनूतून निवडायची. यंत्र जलद झाले त्याचे श्रेय मात्र लिनक्सपेक्षा एसएसडीला जास्त आहे. त्याच पैशात विंडोज १० सुद्धा पळाली असती.

दोन सिस्टीम एका यंत्रावर राहिल्या की दोन गोष्टी हमखास छळतात. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तिची डिस्क अर्धवट झोपलेली राहते आणि लिनक्समधून नुसती वाचता येते, लिहिता येत नाही; पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करावे. दुसरे म्हणजे घड्याळ. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज स्थानिक, म्हणून लिनक्सनंतर विंडोज उघडली की वेळ बरोबर साडेपाच तास मागे. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितले की थांबते. वेळ साडेपाच तासांऐवजी थेट काही वर्षे मागे जात असेल तर दोष बोर्डावरच्या सीआर-२०३२ सेलचा.

मराठी टंकनासाठी लिनक्सवर आयबस (टंकनाची सोय) आणि त्यासोबत एम१७एन हे कीबोर्ड लेआउटचे पॅकेज घेतले. त्यात इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक, दोन्ही मिळतात. इन्स्क्रिप्टवर ‘दुसऱ्या’तला ऱ शिफ्ट-जे वर असतो; ‘ॲ’ मात्र प्रत्येक लेआउटमध्ये सापडेलच असे नाही, आधी पाहून घ्यावे. लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखे मोफत सॉफ्टवेअर) इंग्रजी आणि देवनागरीचे फॉन्ट वेगवेगळे ठरतात. भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीचा पर्याय) चालू केल्याशिवाय मराठीचा आकार बदलतच नाही, आणि माणूस उगाच फॉन्टला दोष देत बसतो. मंगल किंवा निर्मला हे मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट तिथे नसतात. नोटो किंवा मुक्ता वापरले की ओळी सरकतात, दोन पानांचे पत्र तिसऱ्या पानावर जाते; म्हणून लेटरहेडचे साचे एकदा नव्याने बांधले.

प्रिंटरचे कोडे अर्धेच सुटले. काही जुने लेझर प्रिंटर छपाईची सगळी आकडेमोड संगणकाकडून करून घेतात, आणि त्यांचा विंडोज ड्रायव्हर वगळता फारसे काही धड चालत नाही. आमचा त्यातलाच. टोनर अजून शिल्लक आहे, म्हणून तो लॅपटॉपला जोडला. डेस्कटॉपवरून पीडीएफ करून सामायिक फोल्डरमध्ये टाकायची आणि लॅपटॉपवरून छापायची. पुढचा प्रिंटर घेताना ड्रायव्हरविना नेटवर्कवरून छापू शकणारा, म्हणजे आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट चालणारा बघणार.