टाळीने दाखवलेली चूक

शूटिंगमध्ये आवाज टिपायचं काम माझं. पहिल्याच टेकला हेडफोनमध्ये संवाद आला तो विहिरीतून आल्यासारखा. रिकामं स्वयंपाकघर, चकचकीत फरशा, मोठी काच आणि दोन कलाकारांचं दबक्या आवाजातलं भांडण. बूमवर, म्हणजे कलाकारांच्या डोक्यावर धरायच्या लांब दांडीवर, माझी सगळ्यात महागडी शॉटगन, म्हणजे लांब नळीचा माइक. आधी केबल बदलली, मग रेकॉर्डरचं इनपुट. फरक शून्य. शेवटी खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. ती विरायलाच तयार नव्हती.

शॉटगनच्या नळीला फटी असतात. बाजूचा आवाज त्यांतून मागेपुढे आत शिरतो आणि स्वतःलाच मारतो. मोकळ्यावर हे झकास चालतं. लहान खोलीत मात्र कलाकाराचाच आवाज भिंतींवरून परतून बाजूने शिरतो. त्यातल्या काही कंपनसंख्या गळतात, काही उरतात आणि खर्ज तर नळीला जुमानतच नाही. हे सगळं मला पाठ होतं. तरी निघताना हात महागड्या पेटीकडेच गेला!

मग लहान हायपरकार्डिऑइड लावला, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारा बिननळीचा माइक. छताखाली आणि कॅमेऱ्यामागे जाड रजया टांगल्या. घुमणं बरंच बसलं, पण माइक अजून तोंडापासून मीटरभर वर होता, कारण दिग्दर्शकाला डोक्यावरची रिकामी भिंत फ्रेममध्ये हवी होती. मी वाद घातला नाही, त्याला हेडफोन दिला. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा जवळपास तेवढाच राहतो. हे सांगून पटत नाही, ऐकून लगेच पटतं. फ्रेम खाली आली, बूम अर्ध्या मीटरवर.

वाइड शॉटपुरता लेपल, म्हणजे कपड्यात लपवायचा छोटा माइक. पण शर्ट नायलॉनचा, हात हलला की खसखस. कॉलरच्या आत माइकच्या दोन्ही बाजूंचं कापड टेपने धरून ठेवलं तेव्हा थांबली. छातीवरच्या माइकचा आवाज मला तसाही बोदा वाटतो, म्हणून क्लोजअपला बूमच वापरला. शेवटी सगळ्यांना गप्प उभं करून ३० सेकंद रूम टोन, म्हणजे रिकाम्या खोलीचा स्वतःचा आवाज, घेतला.

पॅकअपनंतर गाडीपाशी खिसे चाचपले. किल्ली नाही. मग आठवलं: सकाळी घरघर नको म्हणून फ्रिज बंद करताना, परत चालू करायचं विसरू नये म्हणून ती मीच आत ठेवली होती. किल्ली गारही नव्हती. बटण दाबलं आणि घरघर सुरू झाली.